घरात अचानक लघवी करू लागलेली कुत्री: आधी मोजमाप, मग निदान

तुमचा प्रश्न इतर वाचकांनाही नीट कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नाशिकला इंदिरानगरात फ्लॅटमध्ये राहता. तुमची लॅब्रॅडॉर मादी साडेपाच वर्षांची, सुमारे 28 किलो वजनाची आहे आणि तिची नसबंदी पूर्वीच झालेली आहे. पिल्लूपण सरल्यापासून तिने घरात कधी घाण केली नव्हती. पण गेले तीन आठवडे दाराजवळ आणि सोफ्यामागे पाण्यासारख्या फिक्या लघवीची मोठी थारोळी सापडत आहेत आणि दोनदा सकाळी तिची गोधडीही ओली निघाली. तुम्ही सगळे चार दिवस लग्नाला गेला होतात, त्याचा ती राग काढते आहे असे सासूबाईंचे मत आहे. रागावून झाले, नाक डागात घासून झाले, फरक पडला नाही. फिनेलने वास जात नाही, घरात दोन वर्षांचा मुलगा जमिनीवर खेळतो, आणि सोसायटीच्या हिरवळीवर पिवळे डाग पडतात म्हणून तक्रारही आली आहे. हे सगळे लिहून झाल्यावर शेवटी तुम्ही सहज उल्लेख केला आहे, की पावसाळ्यात तिला अंगभर खाज सुटली होती, त्यासाठी एक इंजेक्शन झाले आणि गोळ्या अजून चालू आहेत. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे. पण तिच्यापर्यंत क्रमाने जाऊ.

तुम्ही विचारले आहे, की ही सवय कशी मोडावी. पाच वर्षे स्वच्छता पाळलेला प्रौढ प्राणी एकाएकी घरात लघवी करू लागतो, तेव्हा सवयीचा विचार सर्वांत शेवटी करायचा असतो. माणसे दूर गेल्याने अस्वस्थ झालेला कुत्रा घरात लघवी करू शकतो हे खरे आहे. पण ती अस्वस्थता घर रिकामे असताना दिसते, माणसे परतल्यावर तीन आठवडे चालत नाही. शिवाय अस्वस्थतेने लघवी पाण्यासारखी फिकी होत नाही. सूड उगवण्यासाठी जागा आणि वेळ निवडणे हा माणसाचा स्वभाव झाला, तो आपण तिच्यावर लादू नये. नाक घासण्याचा प्रकार मात्र कृपया आजच थांबवा. त्यातून ती एवढेच शिकते, की माणसांच्या देखत लघवी करणे धोक्याचे आहे. सोफ्यामागची जागा तिने कदाचित त्यामुळेच शोधली असावी.

दवाखान्यात ‘घरात लघवी करते’ एवढेच सांगितले जाते, तेव्हा मी लगेच पुढचे प्रश्न विचारतो, कारण या एका वाक्यामागे चार निरनिराळ्या तक्रारी असू शकतात. एकूण लघवीचे प्रमाणच वाढले आहे का? प्रमाण तेवढेच आहे, पण दर थोड्या वेळाने थेंब-थेंब होते आणि ती कुंथते का? झोपेत, तिला कळतही नसताना, गळते का? की ती उभ्या वस्तूंवर जाणूनबुजून थोडीशी खूण करते? शेवटचा प्रकार बहुधा नरांचा असतो, आणि पार्किंगमधल्या गाड्यांच्या टायरवरून होणारी भांडणे त्यातूनच उद्भवतात. तुमच्या मादीच्या बाबतीत तो बाजूला ठेवू. वारंवार थोडी थोडी लघवी, कुंथणे, तो भाग सतत चाटणे ही मूत्राशयाच्या दाहाची किंवा मुतखड्याची लक्षणे असतात, आणि माद्यांमध्ये जंतुसंसर्ग व त्याबरोबर येणारे खडे नेहमी आढळतात. तुमच्या वर्णनात मात्र मोठी थारोळी आणि फिका रंग आहे. म्हणजे माझा पहिला संशय प्रमाण वाढल्याचा आहे.

संशयावर थांबायचे कारण नाही, कारण ही गोष्ट घरी मोजता येते. सकाळी मापून दोन-तीन लिटर पाणी तिच्यासाठी ठेवा, दिवसभरात भर घातली तर तीही मापून लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले मोजा. असे सलग तीन दिवस करा. बाथरूमचे दार लावून घ्यायला विसरू नका. बादलीतले पाणी पिणारे कुत्रे मोजमाप हमखास चुकवतात. निरोगी कुत्रा साधारणपणे किलोमागे 50 ते 60 मिलिलिटर पाणी पितो आणि 20 ते 40 मिलिलिटर लघवी करतो. किलोमागे 100 मिलिलिटरच्या पुढे पाणी जात असेल, म्हणजे 28 किलोच्या तुमच्या मादीने दिवसाला 2.8 लिटरच्या वर पाणी प्यायले, तर ते निश्चितपणे जास्त आहे. अर्थात हे आकडे परिस्थितीवर अवलंबून असतात. एप्रिल-मेच्या उन्हात आणि कोरड्या दाण्यांवर असलेला कुत्रा जास्त पितो. भात, चिकनचे पाणी, ताक असे पातळ अन्न खाणारा भांड्यातले पाणी कमी पितो, तेव्हा त्याचे प्रमाण कमी दिसूनही एकूण पाणी जास्त असू शकते. एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका: लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका. मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नसतील, तर पाणी तोडल्याने लघवी तितकी कमी होत नाही, प्राणी मात्र कोरडा पडतो.

आता त्या इंजेक्शनकडे येतो. पावसाळ्यात नाशिकमध्ये त्वचेच्या तक्रारींची रांग लागते आणि खाज लवकर आटोक्यात आणण्यासाठी स्टिरॉइड दिले जाते. ते अनेकदा योग्यही असते. गोळ्यांच्या पाकिटावर प्रेडनिसोलोन असे लिहिलेले आहे का, ते पाहा. मूत्रपिंडांना पाणी परत शोषून घ्यायला सांगणारे जे संप्रेरक असते, त्याच्या कामात स्टिरॉइड अडथळा आणते, म्हणून लघवी पातळ आणि भरपूर होते, आणि ते पाणी भरून काढण्यासाठी कुत्रा सारखा भांड्याकडे जातो. त्याच्याबरोबर भूक वाढते, ताट चाटून पुसून झाल्यावरही ती ओट्यापाशी उभी राहते, आणि थंड हवेतही धापा टाकते. यांतले काही तुमच्या घरी दिसत असेल, तर उत्तर बऱ्याच अंशी मिळाले असे समजा. दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन असेल, तर त्याचा परिणाम काही आठवडे राहतो.

पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी ते बनवण्याचे काम मंदावतात आणि औषध एकदम तोडले तर प्राणी अंगातली शक्ती गेल्यासारखा ढासळू शकतो. ज्या डॉक्टरांनी औषध दिले त्यांना लघवीचे सांगा आणि मात्रा टप्प्याटप्प्याने कशी उतरवायची ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. ‘औषधामुळे होते आहे’ एवढ्यावर समाधान मानून लघवीची तपासणी टाळणेही बरोबर नाही. स्टिरॉइडमुळे मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते आणि त्याच औषधाने दाह दबलेला असल्यामुळे कुंथणे, वेदना अशी लक्षणे दिसतही नाहीत. म्हणून अशा प्राण्याची लघवी तक्रार नसली तरी मी तपासून घेतो.

ओल्या गोधडीचा विचार वेगळा करावा लागतो. नसबंदी झालेल्या काही माद्यांमध्ये, विशेषतः मोठ्या जातींत, पुढे मूत्रमार्गाच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो आणि गाढ झोपेत थोडी लघवी गळते. ती उठते तेव्हा जागा ओली असते आणि तिला स्वतःलाच त्याचे नवल वाटलेले दिसते. हे वायसर झिजलेल्या नळासारखे असते: टाकीत पाणी कमी असते तोवर कळत नाही, दाब वाढला की गळते. म्हणजे तुमच्या मादीत हा कच्चेपणा आधीपासून थोडासा असेल आणि स्टिरॉइडने लघवी वाढल्यामुळे तो आता उघड झाला असेल, असे होऊ शकते. औषधाची मात्रा उतरल्यावर गोधडी कोरडी राहू लागली तर वेगळ्या उपचाराची गरज नाही. राहिली नाही, तर या स्नायूला बळ देणारी औषधे आहेत आणि त्यांचा गुण बहुतेक माद्यांना येतो.

स्टिरॉइड नसेल, किंवा ते थांबून महिना उलटला तरी पाणी पिणे कमी झाले नसेल, तर मधुमेह, मूत्रपिंडांचा जुना आजार, अधिवृक्क ग्रंथींचा (शरीरातले स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथींचा) अतिस्राव यांच्यासाठी रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात. ज्यांच्या मादीची नसबंदी झालेली नाही त्यांच्यासाठी एक इशारा: माज संपल्यानंतर काही आठवड्यांनी ती खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, खाईनाशी झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी, मग बाहेर स्राव दिसो वा न दिसो.

लघवीच्या रंगाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण नाशिकमध्ये राहणाऱ्यांनी ते माहीत करून घ्यावे, कारण या जिल्ह्याची दोन मुख्य पिकेच कुत्र्यांना घातक आहेत. कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू शकतात, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे पुरतात. शिजवल्याने किंवा परतल्याने विष जात नाही. उरलेला रस्सा पोळीत कालवून रोज घालणाऱ्या घरांत हे हळूहळू घडते. दोन-चार दिवसांनी कुत्रा गळून जातो, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी तांबूस ते कॉफीसारखी होते. अगदी अशीच गडद लघवी गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसियाच्या तापातही होते, म्हणून असा रंग दिसला की मी दोन्ही प्रश्न एकदम विचारतो: कांदा खाल्ला का, आणि गोचीड होते का. द्राक्षे आणि बेदाणे यांची तऱ्हा उलटी असते. त्यांनी मूत्रपिंडे बंद पडू शकतात. आधी उलट्या होतात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत होत थांबते. 2021 मध्ये द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले गेले आणि ते पटण्यासारखे आहे, कारण या आम्लाचे प्रमाण द्राक्षागणिक बदलते; एखाद्या कुत्र्याने मूठभर खाऊनही काही होत नाही आणि दुसरा थोडक्यात आजारी पडतो, त्याचा उलगडा त्यातून होतो. ‘आमचा तर दरवर्षी मळ्यात खातो’ हे वाक्य दिंडोरी-पिंपळगावकडून येणाऱ्यांकडून मी नेहमी ऐकतो. त्यावर विसंबू नये. खाल्ल्याचे लक्षात येताच, उलट्या सुरू होण्याची वाट न पाहता, दवाखान्यात न्यावे.

रंगापेक्षाही तातडीचे लक्षण म्हणजे लघवी न होणे. नर कुत्रा पुन्हा पुन्हा पाय उचलतो, कुंथतो आणि काही थेंबच पडतात किंवा तेही पडत नाहीत, तेव्हा शिश्नातल्या हाडाच्या मागे खडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी असते. पुष्कळ लोक याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात आणि रात्र घालवतात. ही रात्र काढायची तक्रार नाही.

आता नमुना कसा घ्यायचा. सकाळची पहिली लघवी चांगली, कारण ती रात्रभर साठून दाट झालेली असते आणि मूत्रपिंडे पाणी किती धरून ठेवतात ते तिच्यावरून कळते. मादी खाली बसते तेव्हा वाडगा पुढे केला की ती दचकून उठते. म्हणून लांब दांड्याची स्वच्छ पळी मागून हळूच सरकवावी आणि धार सुरू झाल्यानंतरची लघवी घ्यावी. बाटली डेटॉलने धुतलेली किंवा औषधाची रिकामी नसावी. औषध दुकानात मिळणारी निर्जंतुक डबी दहा-वीस रुपयांची असते, तीच वापरावी. नमुना तासाभरात पोहोचवावा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावा आणि तसे सांगावे, कारण थंड झालेल्या लघवीत स्फटिक नव्याने तयार होतात आणि नसलेल्या खड्यांची भीती निर्माण होते. जंतूंचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायचे असेल तर असा धरलेला नमुना चालत नाही; पोटावरून बारीक सुईने मूत्राशयातूनच लघवी काढावी लागते. ऐकायला भयंकर वाटते, पण बहुतेक कुत्र्यांना रक्त काढण्यापेक्षा ते कमी खुपते.

माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तपासून घेऊ का, असे तुम्ही विचारले आहे. घेता येईल, पण अहवाल माणसाच्या मापाने वाचू नका. लघवीत बुडवायच्या रंगाच्या पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा आणि घनतेचा चौकोन कुत्र्यांमध्ये विश्वासार्ह नसतो, आणि दाट लघवीत बिलिरुबिनचा अंश निरोगी कुत्र्यातही सापडू शकतो. घनतेसाठी मी रिफ्रॅक्टोमीटरच वापरतो: काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण लावायचे, उजेडाकडे धरून डोळा लावला की निळ्या-पांढऱ्या सीमेवर आकडा दिसतो. 1.030 च्या वर असेल तर मूत्रपिंडे पाणी नीट धरून ठेवत आहेत, 1.008 ते 1.012 च्या दरम्यान पुन्हा पुन्हा अडकून राहत असेल तर पुढे तपासावे लागते. त्याच्याही खाली असेल तर मूत्रपिंडे पाणी सोडून देत आहेत, आणि स्टिरॉइडवर असलेल्या प्राण्यात हे दिसते. लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे मधुमेह, असे घरोघरी म्हटले जाते. मुंग्या साखरेकडे येतात हे खरे, पण त्या आल्या नाहीत म्हणून साखर नाही असे ठरत नाही. पट्टीवर साखरेचा चौकोन पाहणे मिनिटभराचे काम आहे.

मुलाबद्दलची काळजी रास्त आहे. कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होणारा मुख्य आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या डबक्यांतून तो कुत्र्यांकडे येतो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर धोका अधिक असतो. तिची वार्षिक लस झाली आहे का ते पुस्तिकेत पाहा. लस सर्व प्रकारांपासून संरक्षण देत नाही, तेव्हा थारोळे पुसताना हातमोजे घाला, हात साबणाने धुवा आणि फरशी वाळेपर्यंत मुलाला तिथे जाऊ देऊ नका. ताप, उलट्या, डोळे पिवळे पडणे यांपैकी काही कुत्रीत दिसले, तर हा आजार मनात धरून लगेच तपासणी करावी.

फिनेलने वास जात नाही, कारण फिनेल त्यावर दुसरा वास चढवते, इतकेच. लघवीतल्या युरियाचे जंतू अमोनिया करतात, आणि टाइल्सच्या सांध्यांत मुरलेली लघवी ओल लागली की पुन्हा वास देते. आपल्याला फिनेलचा वास येतो, तिला मात्र खालची खूण स्वच्छ कळते आणि ती त्याच जागी परत जाते. शिवाय ओल्या फिनेलवरून चालून पंजे चाटणे प्राण्यांना घातक आहे, आणि फिनेल मुलाच्या हाताशी नसलेलेच बरे. आधी जुन्या कपड्याने दाबून टिपून घ्या, साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे द्रावण ओतून, सांध्यांत मुरेल इतका वेळ, निदान पंधरा-वीस मिनिटे, तसेच ओले राहू द्या. लगेच पुसले तर पैसे वाया जातात. व्हिनेगर चालते, पण विट्रिफाइड टाइल्सवरच. संगमरवर, कोटा आणि शहाबादी फरशी हे चुन्याचे दगड असल्यामुळे आम्लाने त्यांची चकाकी जाते. ब्लीचिंगचे पाणी ताज्या लघवीवर ओतू नका, घसा जाळणारा वायू निघतो. सोफ्यामागचे जुने डाग शोधायला रात्री दिवे मालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा. गोधडी गरम पाण्यात भिजवण्यापूर्वी थंड पाण्यातून काढा.

आतापर्यंतचे तुमच्यापुरते क्रमाने सांगायचे तर: रागावणे बंद, तीन दिवस पाण्याचे मोजमाप, गोळ्यांचे नाव आणि मात्रा लिहून डॉक्टरांना फोन, सकाळचा नमुना, आणि तोवर तिला दर चार तासांनी खाली नेणे, रात्री झोपण्यापूर्वी एकदा अधिक. जास्त लघवी होणाऱ्या प्राण्याला जुन्याच वेळापत्रकावर ठेवणे अन्यायाचे आहे.

राहिला सोसायटीचा प्रश्न. हिरवळ जळते ती लघवीतल्या नत्रामुळे. थोडे नत्र खत होते, एकाच जागी फार झाले की पान करपते, म्हणूनच पिवळ्या डागाच्या कडेला गडद हिरवे कडे दिसते. माद्या एका जागी बसून सगळी लघवी करतात म्हणून दोष त्यांच्या वाट्याला येतो. लघवी आम्लधर्मी असते म्हणून गवत जळते असे समजून खाण्यात टोमॅटो, व्हिनेगर किंवा सोडा घालण्याचे सल्ले मिळतील. ते मानू नका, त्याने लघवीची आम्लता बदलून खड्यांचा धोका वाढू शकतो. तिच्यामागोमाग बाटलीभर नव्हे, चांगले दोन-तीन तांबे पाणी लगेच ओतले तर डाग पडत नाही. वाळलेला ठिपका मात्र पाण्याने परत येत नाही. तो खरवडून तिथे नवे गवत लावावे लागते, आणि कमिटीकडे भिंतीलगतचा एखादा मुरमाचा कोपरा मागून घेतलात तर तो खर्चही वाचेल.